साडेसातचा आवाज

रोज सकाळी साडेसात वाजता मी बोलते. आमच्या समाधान सोसायटीच्या सातही मजल्यांवर, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, खाली पार्किंगमध्ये आणि वर गच्चीत मी एकाच वेळी बोलते. त्या वेळी मी स्वतः मात्र ओट्यापाशी तोंड मिटून उभी असते आणि गॅसवर चहा उकळत असतो. मी मेलेली नाही. वय चौसष्ट, गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत.

माझं नाव मधु टिपणीस. कल्याण स्टेशनात एकतीस वर्षं मी अनाउन्सर होते. तुम्ही कधी तिथे उभं राहून गाडीची वाट पाहिली असेल, तर कुठली गाडी कुठल्या फलाटावर येतेय हे बहुतेक मीच तुम्हाला सांगितलं असेल. माझा आवाज चांगला आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, ती माझी भाकरी होती. घसा बसला तर मी दोन दिवस घरातसुद्धा बोलायची नाही. माझा नवरा श्रीरंग म्हणायचा, बायकोने मौन पाळावं असं वाटलं की हिला फक्त एक आइसक्रीम द्यायचं.

श्रीरंग गेला, पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले, आणि मुलगी उर्वी लग्न होऊन ठाण्याला वर्तकनगरात राहायला गेली. दिवसभर बोलायची सवय असलेली बाई एकदम गप्प झाली. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, याचा विचार करताना हे एवढं ध्यानात ठेवा. सबब म्हणून नव्हे.

भाऊ पोतनीस आमच्याच इमारतीत १०४ मध्ये राहतात. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या मानपाड्यात पाण्याने सगळ्यांना रडवलं. दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढी धार. तेव्हाचे चेअरमन फोन बंद करून गावी जाऊन बसले. भाऊ मात्र बनियनवर रस्त्यात उभे राहिले. टँकर अडवून आणले, पाइप स्वतःच्या खांद्यावर घेतला, म्हाताऱ्या माणसांच्या घरी स्वतः पाणी पोहोचवलं. माझ्याकडे सातव्या मजल्यावर दोन बादल्या घेऊन आले, लिफ्ट बंद होती तेव्हा. त्या दोन बादल्या मी कधी विसरले नाही, आणि त्यांनीही मला कधी विसरू दिल्या नाहीत.

ते चेअरमन झाले तेव्हा विरोधात कोणी अर्जसुद्धा भरला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या. पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे गच्चीवर प्रत्येक घराच्या पाण्याच्या लाइनीला वेगळा कॉक बसवला. अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस कॉक, प्रत्येकावर रंगाने नंबर. गळती कुठल्या घरात आहे ते लगेच कळेल, असं ते म्हणाले. आम्ही म्हटलं, काय दूरदृष्टी आहे माणसाला. मग गच्चीच्या दाराला कुलूप लागलं, कारण पोरं कॉकशी खेळतात. किल्ली भाऊंच्या कमरेच्या पट्ट्याला लटकू लागली.

त्यानंतर पाचव्या मजल्यावरून एक गॅस सिलिंडर चोरीला गेला. चोर काही सापडला नाही. पण चोरामुळे कॅमेरे आले, कॅमेऱ्यांमागून स्पीकर आले, आणि स्पीकरमागून भाऊ माझ्या दारात आले.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या आवाजावर अख्खं कल्याण हलायचं. हा आवाज घरात बसून गंजवायचा का? रोज सकाळी दोन मिनिटं. पाण्याची वेळ सांगायची, कुणाचा वाढदिवस असला तर शुभेच्छा. लोकांना एकत्र आणायचंय हो मला."

त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी आनंदाने चढले. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

पहिले सहा महिने खरोखर छान गेले. तळमजल्यावरच्या ऑफिसात माइक होता. मी साडीची घडी नीट करून खाली जायची. आधी टिंग-टाँग वाजायचं, मग मी म्हणायची, "कृपया लक्ष द्यावे." लोक लिफ्टमध्ये भेटले की हसायचे. ३०१ मधली नीला गांगुर्डे तर मला बघितलं की हात जोडायची आणि म्हणायची, "आली बाई आमची आकाशवाणी!"

नीलाबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. ती महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, माझ्यासारखीच आता निवृत्त. नवरा प्रशांत सात वर्षांपूर्वी गेला, मुलगा सम्यक भल्या सकाळी कामाला निघतो. श्रीरंगच्या शेवटच्या आजारात तिने चार महिने रोज सकाळी साडेसहाला येऊन त्याला इंजेक्शन दिलं. ड्यूटीवर जायच्या आधी. मी एकदा साडी घेतली तिच्यासाठी, तर म्हणाली, "मधु, परत असलं काही केलंस ना, तर मी सुई बोथट घेऊन येईन." तिच्या जिभेला हाड नव्हतं. मला ती बहिणीपेक्षा जवळची होती.

मग घोषणांमध्ये नावं आली. पहिलं नाव २०३ मधल्या गृहस्थांचं, ते प्यायच्या पाण्याने गाडी धुवायचे. भाऊंनी चिठ्ठी हातात दिली आणि मी वाचलं, "दोनशे तीन, यांनी पाण्याचा अपव्यय केला आहे." संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर सगळे खूश होते. मीही होते. तो माणूस मला कधीच आवडला नव्हता, आणि एवढ्या मोठ्याने त्याला बोल लावायची संधी परत कधी मिळणार होती?

ऑफिसच्या दाराशी तक्रारपेटी लागली. चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नव्हती. पेटी आठवड्यात भरू लागली. कोण चपला बाहेर काढतं, कुणाकडे परका माणूस दोन दिवस राहून गेला, कोण बाल्कनीत फोनवर भाऊंना काय म्हणालं. मी चिठ्ठ्या वाचायची, आणि एकतीस वर्षं हस्ताक्षरातले निरोप वाचल्यामुळे मला अक्षर चटकन ओळखू यायचं. एका नवऱ्याने बायकोविरुद्ध लिहिलेली चिठ्ठीही मी ओळखली. वाचून दाखवायचं तेवढं दाखवलं.

ज्यांचं नाव यायचं, त्यांच्या नळाची धार त्या आठवड्यात बारीक व्हायची. कोणी म्हणायचं नाही की भाऊंनी केलं. कोणी विचारायचंही नाही. मग त्या घरातलं माणूस संध्याकाळी १०४ ची बेल वाजवून यायचं, हसत परत यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी नीट यायचं. भाऊ वाईट बोलायचे नाहीत कोणाशी. वर चहा पाजायचे. माणूस बाहेर पडताना त्यांचे आभार मानायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

हळूहळू मी लिफ्टमध्ये शिरले की बोलणं थांबायला लागलं. दुसऱ्या मजल्यावरची एक लहान मुलगी जिन्यात खेळत होती, मी नुसतं "काय गं, शाळा नाही का?" म्हटलं, तर ती रडत घरात पळाली. उर्वी एका रविवारी फोनवर म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण तू फोनवर नुसतं हॅलो म्हणालीस ना, तरी वाटतं, आता माझं नाव येणार. मागच्या वेळी तुझ्याकडे राहिलेले तेव्हापासून." मी हसण्यावारी नेलं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. उर्वीकडे पंधरा दिवस राहायचं होतं. भाऊ काळजीत पडले, घोषणा बंद पडणार म्हणून. आणि मी, कोणी विचारलं नसताना, म्हणाले, "अहो, सोपं आहे. आम्ही रेल्वेत करायचो तसं करू. तुकडे रेकॉर्ड करायचे. आकडे वेगळे, नावं वेगळी, वाक्यं वेगळी. मग मशीन जोडून घेतं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही."

भाऊंचा चेहरा उजळला. दुसऱ्या मजल्यावरच्या सलिलने, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, एका सुट्टीत त्याचा प्रोग्रॅम बनवून दिला. मी दोन दुपारी ऑफिसात बसून, खिडक्या लावून, पंखा बंद करून रेकॉर्डिंग केलं. एकशे एकपासून सातशे चारपर्यंत सगळे नंबर. अठ्ठावीस आडनावं. माझं स्वतःचंही, कारण यादी अर्धवट ठेवायची मला सवय नाही. मग वाक्यं. ती भाऊंनी लिहून आणली होती. पाण्याची वेळ बदलली आहे. हार्दिक शुभेच्छा. सहकार्य केलेले नाही. आणि पान उलटल्यावर एक वाक्य होतं: "यांच्याकडे सोसायटीतील कोणीही जाऊ-येऊ नये."

मी थांबले. "भाऊ, हे कशाला?"

"असू द्या हो ताई. कधी लागणार नाही. पण साथ-बिथ आली तर? कोविडमध्ये लागलंच होतं ना आपल्याला? तेव्हा कोण ऑपरेशन सोडून धावत येणार?"

पटलं मला. म्हणजे पटवून घेतलं मी. मी ते वाक्य म्हटलं. पहिल्या वेळी 'कोणीही'च्या आधी माझा श्वास ऐकू आला. तो मला खटकला. मी म्हटलं, थांबा, परत घेऊ. आणि मी ते वाक्य दुसऱ्यांदा, स्वच्छ, श्वास न ऐकू देता म्हटलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ते पहिलंच राहिलं असतं तरी भाऊंना चाललं असतं.

भाऊंना मिळालेली जुन्या कमिटीची उरलेली मुदत संपून वर्ष होऊन गेलं होतं. निवडणुकीचं नाव कोणी काढत नव्हतं. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी नीला माझ्याकडे आली. चहा घेताना म्हणाली, "उद्या मी ठराव मांडणार. निवडणूक घ्या, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा. कोणाचं पाणी कोणाच्या पट्ट्याला नको. फक्त अनुमोदन पाहिजे गं एकाचं. तू देशील ना?"

"देईन की," मी म्हणाले.

"बघ हां. तुझा आवाज आहे. तू उभी राहिलीस ना, की अर्धी लोकं आपोआप उभी राहतील."

"देईन म्हटलं ना."

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. माइक माझ्याच हातात होता, विषयपत्रिका मी वाचत होते. नीला उठली, ठराव शांतपणे मांडला. कुठे आवाज चढवला नाही. भाऊ हसून ऐकत होते. मग म्हणाले, "घेऊ की निवडणूक! आपण काय खुर्चीला चिकटलोय? उन्हाळा जाऊ द्या फक्त. आणि किल्ली म्हणाल तर, आत्ता देतो." त्यांनी खरंच पट्ट्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पण उद्या टँकर आला नाही, तर रस्त्यात मी उभा राहणार नाही. नीलाताई उभ्या राहतील. चालेल सगळ्यांना? बरं, ठरावाला अनुमोदन कोणाचं?"

सगळ्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, फक्त नीलाने पाहिलं. माइक चालू होता. मला नुसतं "माझं" म्हणायचं होतं, दोन अक्षरं. मला आठवल्या त्या दोन बादल्या, सातवा मजला, माझे गुडघे. मी मूग गिळून बसले. माइकमधून फक्त माझा श्वास ऐकू येत होता, सगळ्या मजल्यांवर.

"नाही कोणी? ठीक आहे," भाऊ म्हणाले आणि किल्ली परत पट्ट्याला अडकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, पुढचा विषय घ्या." मी घेतला.

सोमवारी सकाळी त्यांनी मला चिठ्ठी दिली. तीनशे एक, गांगुर्डे. खाली ते वाक्य. मी म्हणाले, हे मी वाचणार नाही. एवढं मात्र मी म्हणाले. मला वाटलं भाऊ चिडतील. ते चिडले नाहीत.

"हरकत नाही ताई. दगदग झालीये तुम्हाला. थोडे दिवस विश्रांती घ्या."

मी घरी आले. कालची लाज थोडी धुवून निघाली असं वाटलं. मी स्वतःशीच खूश होऊन झोपले, हे सांगायलासुद्धा आता नको वाटतं.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी चहात आलं किसत होते. टिंग-टाँग वाजलं. आणि मी बोलले. "कृपया लक्ष द्यावे. तीनशे एक. गांगुर्डे. यांच्याकडे सोसायटीतील कोणीही जाऊ-येऊ नये." मी तोंडावर हात ठेवला. हात ठेवल्यावरही मी बोलतच होते. ते वाक्य तीनदा झालं. कुठेही श्वास ऐकू आला नाही.

मी आहे त्या गाऊनवर धावत खाली गेले. ऑफिसला कुलूप होतं. सलिल गाडी काढत होता. त्याला म्हटलं, "सलिल, काढून टाक रे माझा आवाज त्यातून. आत्ता."

त्याने आधी कॅमेऱ्याकडे बघितलं. "काकू, पासवर्ड भाऊंनी बदललाय. आणि प्लीज, इथे नको ना बोलायला. माझ्या घरी लहान बाळ आहे, पाणी लागतं."

दिवसभर मी भेटेल त्याला सांगत सुटले, ते मी नव्हते, ते रेकॉर्डिंग होतं. कोणी खोटं ठरवलं नाही मला. सगळे मान हलवायचे. हो हो, माहितीय आम्हाला, मधुताई. एक बाई कानाजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात, हे भाऊंना ठाऊक आहे का?" तिला माझी काळजी वाटत होती. तेव्हा मला कळलं की आवाज खरा आहे की मशीनचा, याने कोणालाच फरक पडत नव्हता. सांगितलं गेलं होतं, एवढं त्यांना पुरे होतं.

नीलाचा नळ त्याच दिवशी कोरडा झाला. कामवाली आली नाही. दूधवाल्याने पिशवी गेटवर ठेवली. जात कोणी काढली नाही. काढायची गरजच पडली नाही, कारण 'जाऊ-येऊ नये' हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. मी टिपणिसांची लेक आणि टिपणिसांचीच सून, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. दोन पिढ्यांपूर्वी आमच्या घरात हेच वाक्य म्हटलं गेलं असेल. त्याला स्पीकर नव्हता एवढंच.

संध्याकाळी मी ३०१ ची बेल वाजवली. आतून नीलाची पावलं आली. "कोण?"

"नीला, अगं मी..."

आतून कडी लागली. मग साखळी. मी म्हणाले, "मी नाही म्हणाले गं ते. रेकॉर्ड केलेलं लावलंय. मी वाचायला नकार दिला, शपथ."

दाराच्या पलीकडून ती हळू म्हणाली, "मग आत्ता कोण बोलतंय? तू बोलतेयस, की लावलंय?"

ती टोमणा मारत नव्हती. नीला टोमणा मारते तेव्हा हसते. तिला खरोखर कळत नव्हतं. मी काहीही म्हणाले असते तरी ते त्याच आवाजात म्हटलं गेलं असतं. मी जिना चढून वर आले.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. दिवसातून दोनदा मी तिला सत्तावीस उंबऱ्यांवरून हाकलत होते, सकाळी साडेसातला आणि आता संध्याकाळी सातलाही. शुक्रवारी बाल्कनीतून पाहिलं, तर नीला नाक्यावरच्या हापशावरून कळशी भरून आणत होती. उजवा खांदा धरून मध्येमध्ये थांबत होती. त्याच हाताने तिने श्रीरंगला सुया टोचल्या होत्या, चार महिने. मला रडू आलं आणि माझा मलाच संताप आला, की रडते काय नुसती.

शनिवारी सकाळी सव्वासातला मी तांब्याची कळशी भरली आणि जिन्याने निघाले. लिफ्ट घेतली नाही. मला मुद्दाम साडेसातची वेळ गाठायची होती. सहाव्या मजल्यावर पोहोचले तेव्हा टिंग-टाँग वाजलं. "कृपया लक्ष द्यावे." पाचव्यावर मी म्हणत होते, "तीनशे एक." दोन-तीन दारं उघडली, माणसं पाहत उभी राहिली. मी त्यांच्याकडे बघत ओठ घट्ट मिटून पायऱ्या उतरत होते, की बघा, माझं तोंड बंद आहे. चौथ्यावर माझ्याच डोक्यावर मी म्हटलं, "कोणीही जाऊ-येऊ नये." गुडघा सणकला, पाणी हिंदकळून पायावर आलं. मी गेले.

दार वाजवलं. "कोण?" आतून आलं. मी गप्प राहिले. परत वाजवलं. साखळीएवढं दार उघडलं. नीलाने आधी कळशी पाहिली, मग माझे ओठ. वर स्पीकर अजून बोलत होता. ती स्पीकरकडे आणि माझ्या ओठांकडे आळीपाळीने बघत राहिली, जणू पेशंटची नाडी बघतेय. मग तिने साखळी काढली.

"आत ये," ती म्हणाली. "पण बोलू नकोस."

मी आत गेले. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती होती. तिने माझ्याच पाण्याचा चहा केला आणि आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून प्यायलो. कितीतरी महिन्यांनी मला असं वाटलं की मी कुठेतरी आहे.

रविवारी सकाळी साडेसातला माझं नाव आलं. "सातशे दोन. टिपणीस." पुढे तेच वाक्य. नळ सोडला, तर नुसती हवा आली. मी घाबरले, पण त्याआधी, अगदी आधी, माझ्या मनात आलं की आडनाव छान आलंय, 'स' कुठे फुसफुसला नाही. एकतीस वर्षांची सवय कुठे जाणार?

आज एक्केचाळीस दिवस झाले. नीलाने सोसायट्यांच्या निबंधकांकडे रीतसर तक्रार केली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. सम्यक रात्रपाळी मागून घेऊन सकाळी आमच्या दोघींसाठी हापशावरून पाणी आणतो. मी रोज नीलाकडे जाते. सकाळी मी वरून ओरडत असते की कोणी जाऊ नये, आणि खाली मी तिच्या ओट्याशी बसून पोह्यांसाठी कांदा चिरत असते. आम्ही बोलत नाही. ती बोलते, मी मान हलवते. आधी वाटलं होतं, दोन-चार दिवसांत ती माझ्या आवाजाला सरावेल.

परवा नीलाच म्हणाली, "मधु, बास झालं. बोल आता. मलाच कसंतरी वाटतं, घरात मुकी बाई बसवल्यासारखं."

मी घसा साफ केला. एवढ्या दिवसांनी माफी मागावी, तर तीही घोषणेसारखी वाटेल अशी भीती वाटली. म्हणून मी साधं काहीतरी म्हणाले, "चहात साखर कमी झालीये गं."

नीला माझ्याकडे बघून हसत होती. तिला खरंच बरं वाटलं होतं, मला दिसत होतं ते. पण तिचा हात, तिला न विचारता, मागे गेला आणि दाराची कडी चाचपू लागला.

तिने तो हात पाहिला. मीही पाहिला. तिने तो ओढून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबून धरला. "होईल गं सवय," ती म्हणाली.

उठून मी साखरेचा डबा घेतला आणि तिच्याही कपात अर्धा चमचा घातला. त्यानंतर मी तिच्या घरात बोललेले नाही. जे सांगायचं ते मी आता लिहून देते. हेही आधी तिच्याच हातात देणार आहे, तिने वाचून मग कोणाला द्यायचं ते ठरवावं. नीला, त्या दिवशी मला फक्त "माझं" म्हणायचं होतं.